वरचा खिसा

बाई : मुलांची चूक नाही सर. सगळे गट पंपघरामागे निघाले. पोचायचं होतं पाण्याच्या टाकीपाशी, तिथे एकही नाही.

सर : एकामागे एक गेली असतील, मेंढरं नुसती.

बाई : वेगवेगळी सोडली होती. होकायंत्रं मी एकेक तपासली, ठीक आहेत. दिशा मोजून तुम्ही दिलीत, तीच चुकली.

सर : अगं, होकायंत्र धरायला तुला शिकवलं कोणी?

बाई : तुम्हीच. आणि पहिलं वाक्य काय शिकवलंत?

सर : सुई भोळी असते. लोखंड, चुंबक जवळ आलं की उत्तर सोडून तिकडे वळते.

बाई : म्हणून सकाळी सगळ्यांचे फोन टोपलीत घेतले. माझासुद्धा. तुमचा?

सर : माझा घरी राहिला.

बाई : सर, होकायंत्र तुम्ही छातीशी धरता. आणि वरच्या खिशात तो चौकोन मला इथून दिसतोय.

सर : तुझी नजर म्हणजे ना... शाळेत असताना फळा दिसायचा नाही तुला.

बाई : विषय बदलू नका.

सर : मागच्या शिबिरात ठेवला होता की टोपलीत. नेमका तेव्हाच लेकीचा फोन आला. मी उलट केला, तर म्हणाली, कामात आहे बाबा, नंतर करते. तो नंतर अजून उजाडायचाय.

बाई : तुम्हीच करा ना पुन्हा.

सर : करतो की. उचलते, पण घाईत. स्वतःहून करते तेव्हा निवांत असते गं. काय जेवलात विचारते. नाहीतर मला विचारणारं आहे कोण? घर खायला उठतं. परवा कुलपाशी बोलत होतो, उघड बाबा म्हणून.



 

बाई : पण सर, दुपारी मुलं रानात जाणार. तिथे चुकली तर अडवायला पंपघराची भिंत नाही.

सर : कळतंय मला. तूच ने त्यांना.

बाई : नाही. रान तुमच्या पायाखालचं आहे, माझ्या नाही. मी तंबूपाशी थांबते, फोन माझ्याकडे द्या. आला तर उचलेन.

सर : ती थांबायची नाही.

बाई : मी तिला बोलण्यात गुंतवीन. माझ्या तावडीतून आजवर कोण सुटलंय?

सर : तेही खरंच.

(सर खिशातून फोन काढून देतात.)

बाई : आता धरा होकायंत्र. मी लांब जाते.

सर : सुई सरकली गं. चांगलीच सरकली. पोरांना उगाच मेंढरं म्हटलं.

बाई : चला, खोळंबलीत ती.

सर : आवाज मोठा ठेव हं.

बाई : ठेवलाय.

सर : आणि नाही वाजला, तर परतल्यावर मुलांसमोर काही बोलू नकोस. नुसता हातात दे.