जागेवरून वर सरकलेले पाच दगड

नाव हेमलता गुलाबराव रामटेके, वय २७ वर्षे, व्यवसाय पूररेषा मोजणीत कनिष्ठ अभियंता (कंत्राटी), राहणार विजय नगर, जबलपूर. जबाब लिहून घेणारे हवालदार दिवाकर डोंगरे व मी, दोघांची घरची भाषा मराठी असल्याने जबाब मराठीत दिला. हिंदी प्रत सोबत आहे.

आज १८ एप्रिल २०२२ रोजी ठाण्यात समक्ष सांगते की,

१. ११ मार्चला बरगी धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या गोंदीटोला वस्तीत, मी पूररेषेचे दगड क्रमांक १७ ते २१ बसवले.
२. ४ एप्रिलला पाचही दगड त्या जागी नव्हते.
३. ते चढाच्या बाजूला, सरासरी ३८ मीटरवर, सिमेंटमध्ये पक्के बसवलेले आढळले. क्रमांक रस्त्याकडे केलेले होते.
४. १६ एप्रिलला आमच्या कार्यालयाने अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार दिली.
५. आज सकाळी वस्तीतले गवंडी दयाराम मेश्राम स्वतःहून ठाण्यात आले व दगड आपण हलवल्याचे त्यांनी सांगितले. ते बाहेर बाकावर बसून आहेत.

रेषेच्या खालच्या, म्हणजे नदीकडच्या घरांना १ जुलैपासून पूरविमा मिळेल. वरच्या घरांना गरज नाही असे धरले आहे. जुन्या व नव्या जागांच्या मध्ये अकरा घरे येतात.

हवालदार म्हणाले, "दीदी, दगड चोरी नाही गेले, फिरायले गेले." हे वाक्य जबाबात ठेवावे; अंतराच्या नोंदीशी ते जुळते.

६ एप्रिलला मी लेव्हल मशीन लावून नव्या जागा मोजल्या. पाचही ठिकाणची जमीन एकाच उंचीवर आहे. फरक दोन सेंटिमीटरपेक्षा कमी. मधे घरे, झाडे, एक विहीर आहे. नजरेच्या अंदाजाने इतके बरोबर येत नाही. ही उंची माझ्या रेषेपेक्षा १.१२ मीटर जास्त आहे. दगड कोणी हलवले यापेक्षा, ते कसे बसवले हे मला जाणून घ्यायचे होते.

दगड क्रमांक १९ आता वस्तीतल्या कुसुमबाईंच्या अंगणात आहे. त्यांनी घरातले कपाट सरकवून मागची भिंत दाखवली. तिथे चुना लागलेला नाही. गेल्या ऑगस्टच्या पुराच्या गाळाची रेघ आहे. मी मोजली. तिची उंची दगडाच्या पायथ्याशी जुळते.

कुसुमबाई म्हणाल्या, "पाणी इथं आलं, अन् तुमचा दगड तिथं काहून?"

रेषेच्या आत आल्यास जोते उंच केल्याशिवाय घर वाढवता येणार नाही, हे त्यांना माहीत आहे का, असे मी विचारले. "माहीत आहे. करीन उंच. आता तुम्ही लिवा." दगड कोणी हलवले असे विचारल्यावर त्यांनी चहा ठेवला.

आज बाकावर दयारामकाकांनी पद्धत सांगितली. वीस मीटरची पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक कुसुमबाईंच्या भिंतीवरच्या रेघेला, दुसरे त्यांच्या हातात. दोन्हीकडचे पाणी थांबले की खूण, मग तिथून पुढे. "बेटा, तुह्या मशीनले तीन पाय. मह्या नळीले एकही नाही, तरी पोहोचली ना?" ती नळी सध्या ठाण्यात जप्त आहे.

माझी रेषा नदीच्या पातळीवरून काढली होती. नदी भरली की वस्तीतला नाला तिच्यात उतरत नाही, मागे फुगतो. गेल्या ऑगस्टमध्ये पाणी तिकडून आले. मोजणीच्या दिवसांत मी तो नाला नऊ वेळा ओलांडला. माझ्या वहीत "कोरडा" असे आहे. अक्षर माझे आहे. ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आले होते, हे मी वस्तीत कोणालाही विचारले नव्हते.

दगड समाजकंटकांनी हटवले असे लिहून देण्यास मला कार्यालयातून सांगण्यात आले. ते मी लिहीत नाही. परवानगीशिवाय दगड हलवले, हे खरे आहे. ते चुकीच्या जागी गेले, हे खरे नाही.

मजकूर वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी "सुमारे" होते. ते काढून आकडे घातले. आता बरोबर आहे.

विनंती: पूररेषेच्या आराखड्यावरील हरकती ३० एप्रिलला बंद होतात, नंतर पाच वर्षे रेषा बदलत नाही. माझी हरकत मी उद्या देते. तिच्यासोबत फेरमोजणीसाठी पाचही दगड आहेत तिथे लागतील, नळी लागेल, आणि ती धरायला दयाराम मेश्राम लागतील. हे तिन्ही मिळतील की नाही, ते ठाण्याने २५ एप्रिलपर्यंत लेखी कळवावे.

हेमलता रामटेके