पहिल्या मजल्याचे अकरा हजार

नाय गो पल्लवी, बिल्डरनं लिहून दिला तेवढ्यात घर होत नाय — तो कागद इकडं दे, चष्मा कुठं ठेवला मी — हां. साडेचार लाख. आन खाली बघ किती जागा कोरी सोडलीय. अठ्ठ्याण्णव साली आमालापण असाच कागद दिलेला, एक लाख ऐंशी हजार. तुझे काका पंचायत समितीत शिपाई, कर्ज मंजूर झालं, आमाला वाटलं झालं घर. कुठलं झालं? स्टँपचे वेगळे, रजिस्ट्रेशनचे वेगळे, कागद टाइप करणाऱ्याचे वेगळे, मीटरचं डिपॉझिट वेगळं. खिडक्यांना ग्रिल नाय, मोरीला दार नाय — सांग, पावणेदोन लाखाच्या वर घेऊन मोरीला दार नाय! आन गृहप्रवेशाला सासरच्या गावाहून, शेणव्याहून टेम्पो भरून माणसं आली, त्यांना काय नुसता चहा पाजून पाठवणार? जेवण लिही तू. ते कोणीच धरत नाय हिशोबात.

स्टँपचे कोणी दिले म्हाइताय? सासूबाईंनी. दोन शेळ्या विकल्या आन तीन हजार पदराला गाठ मारून एस्टीनं शहापुरात आल्या. बोलल्या, "महेंद्रा, कागद पक्का कर, मंग मी येतेच तुझ्याकडं." बिस्किटपण नाय खाल्लं, लगेच मागारी गेल्या, कोंबड्या कोंडायच्या राहिल्या म्हणून. अशी बाई.

मजला कुठला लिहिलाय? तिसरा. लिफ्ट हाय? नाय ना. मंग पहिला का नाय? — तीस हजार जास्त. हां. तेच वाचवायला आलीस होय माझ्याकडं, की मावशी सांगेल कुठं हात आखडायचा. तुझ्या सासूचे, अनिकेतच्या आईचे गुडघे कसे हायत गो? नाय, सहज विचारलं. तू बोलत होतीस ना, पाटावरनं उठताना भिंत धरतात.

आमच्या वेळी पहिल्याचे अकरा हजार जास्त होते. सासूबाईंचे पाय चाळीस वर्षं लावणीच्या चिखलात गेलेले, दोन पायऱ्या चढल्या की बसायच्या. हे बोलले, कुठूनतरी आणू, पहिलाच घेऊ. मी बोलले, कुठून आणणार? नाय परवडत. झालं, तिसरा घेतला. आन गृहप्रवेशाला घरातल्या मोठ्या माणसानं बाबासाहेबांच्या आन बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची, मंग त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आन चौघांनी उचलून वर आणलं. पोरं हसत होती, आधी त्यापण हसल्या. दुसरा मजला आला तेव्हा हसायच्या थांबल्या, खुर्चीचा हात घट्ट धरला. वंदना झाली, खीर खाल्ली, सगळं घर हात लावून बघितलं. जाताना मला एकटीला बोलल्या, "संघरत्ने, घर चांगला हाय गो. पन चौघांच्या खांद्यावर मानूस एकदाच जातो. मी परत नाय यायची." नाय आल्या. हे दर रविवारी जायचे शेणव्याला, हात जोडायचे, तरी नाय. पुढच्याच लावणीत गेल्या. शेजारची बाई माचिस मागायला गेली तर चुलीपाशी आडव्या, ताप होता म्हणे तीन दिवस. तीन दिवस, आन पाणी द्यायला कोण नाय.

त्यांच्या दिवसकार्याचं, जलदानविधीचं? झालं ना, गावाला साजेसं झालं. पैसे — ते तुझ्या आईनं दिले तेव्हा. अशी का बघतेस? दिले तिनं, बारा हजार — आई काय बोलली का तुला? कधीच नाय बोलली? कशी बोलेल. नायच दिले तिनं. बस खाली, बस, सांगते. माझी भिशी लागलेली. कधी? फ्लॅट बुक करायच्या महिन्यात. बारा हजार, तांदळाच्या डब्यात, तळाला. हे "कुठून आणू, कुठून आणू" करत वणवण फिरत होते आन मी त्याच डब्यातून तांदूळ काढून ह्यांना भात वाढत होते.

त्या वाईट नव्हत्या गो. वाईट असत्या तर बरं झालं असतं. मी भाजी करायची आन त्या चाखून वर मीठ टाकायच्या, बस एवढंच, शेणव्याला एकत्र होतो ती नऊ वर्षं, रोज, माणसांच्या देखत. मला वाटलं, एकदा तरी माझ्या घरात माझ्या हातचं मीठ असू दे. सहा महिने. मंग काढीन डबा, बोलेन आताच लागली भिशी, खाली कुठंतरी बदलून घेऊ. खरंच काढणार होते. मंग ते बारा हजार काढले ते त्यांच्याच कार्याला. ह्यांनी विचारलं कुठून आणलेस, तर तोंडाला तुझ्या आईचं नाव आलं. आजपण तुझ्या आईच्या पाया पडतात हे, बघतेस ना तू. तिला वाटतं बहिणीच्या नवऱ्याचा स्वभावच नरम. आन मी बघत उभी राहते.

रडू नको. तू कशाला रडतेस, तुझं अजून काय बिघडलंय? हां, मी मीठ आजपण कमीच टाकते. हे वरून घेतात.

थांब — जिन्यावर कोण — हेच आले. तोंड पूस. नाय, लगेच नाय येणार, आता ह्यांचेपण गुडघे धरलेत, दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहतात घटकाभर. ऊठ आता, जा. कागद घे. जिन्यात भेटतील तेव्हा विचारतील काय ठरलं, तर बोल, मावशी बोलली पहिलाच घे, माझ्या पाटल्या मोड पण पहिलाच घे. एवढंच बोल. आन आईला काय विचारू नको.

जा ना गो.