चाडनं कॅमेरूनशी संबंध तोडले

हॅलो?… कोण?… हां, ईनबाई, बोला ना जी… देवकाच बोलून राहिली… कुडव्याच्या घरून काय? आवाज काऊन असा?

…काय?… आमच्या योगेश्वरीनं?… साखरपुडा होऊन महिना नाही झाला, तुमच्या धनेंद्रशी संबंध कायले तोडन ती?… माइकमंधी?… भरल्या हॉलात?…

थांबा, थांबा. इथंच आहे, शेंगा फोडून राहिली. ए योगे, काल कॉलेजात काय बोलली तू?… हां… अगं हळू सांग… हां…

ईनबाई, ऐका. नाटक होतं म्हणते. म्हणजे नाटक नाही, पण तसंच. एकेक पोरगं एकेक देश होते अन् देशाच्या नावानं भांडते, चांगलं भांडन त्याले बक्षीस. आमची योगेश्वरी चाड होती.

…अहो, नाही म्हणून कोण म्हणते?… चाड आहे जी तिले! पण हे चाड देशाचं नाव… आफ्रिकेत आहे… लाजेचं यात काही नाही.

अन् तुमचा धनेंद्र कॅमेरून होता… कमरू नाही… कॅमेराबी नाही, देशच, चाडच्या शेजारचा. तर चाडनं कॅमेरूनशी संबंध तोडले. धनेंद्रशी नाही… हो, त्याच्याकडंच पाहून बोलली असन. समोर तोच बसला होता ना जी.

…कायचं भांडण? योगे, कायचं होतं ग?… तलावाचं, ईनबाई… नाही, आपल्या नवेगावचा नाही, तिकडचा. भिंतीवर कॉम्प्युटरचा नकाशा होता म्हणते, आभाळातून फोटो काढल्यावानी. त्याच्यावर माऊसनं रेघ ओढाची. या अंगाचं पाणी तुमचं, त्या अंगाचं आमचं. अर्धं अर्धं ठरलं. पोरगी जेवाले गेली, येऊन पाहते तं रेघ सरकलेली. सगळा तलाव कॅमेरूनकडं… कोणं सरकवली, मले काय माहीत? जेवाले न गेलेल्यानं सरकवली असन.

…माफी?… तुमच्या घरी येऊन?… सोयऱ्याधायऱ्यांसमोर?… नाही तं सोयरीक मोडता?…

ईनबाई, एक समजून सांगा मले. देशाचं सोंग, तलाव भिंतीवरचा, संबंध तुटले तेबी खोटेच… मंग माफी तेवढी खरी काऊन?

…नाही जी, चिडून नाही राहिली. पण आपण धानाचे लोक. धुरा, शेताचा बांध, सरकवणाऱ्याच्या घरचं पाणी पीत नाही आपण. सख्खा भाऊ असला तरी नाही. अन् मी पोरगी देऊन राहिली… सोयरीक मोडली तं मले रडू येईन, लपवत नाही. पण योगेश्वरी माफी नाही मागणार.

…हॅलो?… ईनबाई?…

…कोण? जावईबापू?… आईच्या हातचा फोन घेतला?… बोला… हां… तुम्हीच सरकवली… कायले पण?… बक्षीस पायजे होतं… हां… भेटलं?… भेटलं नाही, बरं झालं.

अन् हे आईले सांगितलं?… नाही?… सकाळपासून ती आमच्यावर तापून राहिली अन् तुम्ही चूप?… नाही, मले नका सांगू. तिले सांगा. मी फोन धरून आहो.

…धरून आहो जी, सांगा सावकाश… योगे, हासू नको, ऐकू दे…

…झालं?… सगळं सांगितलं? जेवाच्या सुट्टीतलंबी?… काय म्हणली?… माफीचं राहू दे म्हणून आत गेली?… मंग तिच्याजवळ बसा थोडे. अन् ऐका, जावईबापू. ज्याले चूक कबूल करता येते, त्याले पोरगी द्याले मी भेत नाही… हो, लग्न पक्कं… हो हो, चुकलो म्हणता ते मीच सांगते योगेश्वरीले… ठेवते.