मयतीचं बटण

कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय भगवानआप्पा, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, ज्याच्यासाठी जमलो तो आपला योगेंद्र, आणि जेवणाच्या वासाकडे तोंड करून बसलेल्या लिंबायतकरांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी सरलाबाई. क्लॅरिनेटवाल्या उखाची बायको. घेतलं नाव, आप्पा. आता रुसायला ते नाहीत. माझी शाळा गावची, तेव्हा भाषण काही सरळ रांगेत चालायचं नाही.

योगेंद्र इंजिनिअर होऊन आला, तेव्हा आमच्या बॅण्डची माणसं चौकातल्या गाळ्यात गिऱ्हाइकाची वाट बघत बसायची. हा म्हणाला, "मावशी, बसायचं कशाला? लोक मोबाईलवरून बॅण्ड बोलावतील." मी म्हटलं, "आणि वाजवणार पण मोबाईलच का रे?" हसला. "चालशे मावशी, तुम्ही बघाच." आणि खरंच, त्यानं अ‍ॅप काढलं आणि पार चलथाणपासून सुपाऱ्या यायला लागल्या. पोराचा पेपरात फोटो आला. आम्ही गाळा सोडला. कोण बसतंय तिथे?

अ‍ॅपाचा नियम एकच. घेतलेली सुपारी मोडली, की तो माणूस बाहेर.

मग ऐन लग्नसराईत उखाजी गेले. आमच्या बॅण्डचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. वाजवणारा गेला, की बाकीचे त्याला वाजवत स्मशानात नेतात. कॉर्नेटवाले पंडितभाऊ दारात आले, ते लग्नाच्या वरघोड्याला घालायच्या लाल कोटात. "वहिनी, सुपारी तोडी ते अ‍ॅप माले काढी टाकी." रडत होते आणि घड्याळही बघत होते. जा म्हटलं, भाऊ.

मी मोबाईल घेऊन बसले. म्हटलं, दुसरा बॅण्ड तरी मिळेल. प्रसंग निवडा म्हणे. साखरपुडा, हळद, वरघोडा, बारसं. मयत नव्हतीच! शेवटी बारसं दाबलं. मोबाईल म्हणाला, अभिनंदन! आणि खाली लिहिलेलं, आज एकही बॅण्ड मोकळा नाही. हसता काय? मीही हसले होते, प्रेताच्या उशाशी बसून. बायका म्हणाल्या, सरला वेडी झाली. उखाजी मुकेच गेले.

योगेंद्र तेराव्याला आला. "मावशी, ते टाकायचं राहूनच गेलं." पोरगं मनापासून रडलं. नंतर टाकलंही बटण. पण तोवर डीजेवाले अ‍ॅपात शिरले होते. एक टेम्पो, एक माणूस. लोकांना तेच आवडलं. बॅण्ड कोणी दाबेना, लग्नाला नाही आणि मयतीलाही नाही. आता अ‍ॅप बंद. योगेंद्र नोकरीला बंगळुरूला चालला. आमच्या गाळ्यात साड्यांना टिकल्या चिकटवतात, आणि पंडितभाऊ कडोदऱ्याला कापड विणायचे साचे चालवतात.

आज सकाळी मी त्यांना म्हटलं, योगेंद्रला तरी वाजवत स्टेशनला नेऊ. आता तर सगळेच मोकळे! पंडितभाऊ खाली बघत म्हणाले, "वहिनी, कॉर्नेट मोडमा दी टाकं." कॉर्नेट भंगारात, आणि ढोलाचं कातडं तर कधीच फाटलं.

उखाजींच्या वेळी वाद्यं होती, माणसं नव्हती. आज माणसं समोर बसलीत. पंडितभाऊ, मान वर करा, तुम्हाला नाही बोलत.

उखाजींचं क्लॅरिनेट या पिशवीत आहे. फुंकणारं कोणी उरलं नाही. योगेंद्र, हे तू ने. वाजव म्हणत नाही, तुला येतं कुठे? तिथे पुन्हा काही नवीन काढशील, तेव्हा समोर ठेव.

मला माईक देणाऱ्यांचे आभार. आता पस्तावले असतील. म्हातारीची जीभ घसरली असेल तर पोटात घाला. आणि पोराला टाळ्या वाजवा. तेवढंच वाजवता येतंय आपल्याला.