अख्खी दुपार गुरुवारी

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या जोडप्याचं बोलणं शिंपीणबाईंच्या कानावर पडत होतं. नवऱ्याचा गाल टम्म सुजलेला. बायकोच्या मांडीवर लॅपटॉप.

“अगं, मिट की तो डबा!”

“थांब रे! काय वैताग आहे! साहेबांना वेळ असला की हिशेबवाल्यांना नसतो. तिसऱ्यांदा मीटिंग हलवतेय.”

“इथे माझा जीव चाललाय.”

“झालं! कॅलेंडरातली आजची अख्खी दुपार उचलून गुरुवारी टाकली. सगळ्यांना मेलही गेली.”

“सुटलो एकदाचे!”

काउंटरवरच्या मुलीने मान वर केली.

“मॅडम, तुमची मेल आली आत्ता. यांची दाढ गुरुवारी काढायची ना? आजची वेळ या शिंपीणबाईंना दिली मी.”

“अगं बाई! दाढेची वेळही त्याच कॅलेंडरात होती!”

“मग दाढेलाही मेल टाक. म्हणावं, गुरुवारपर्यंत ठणकू नकोस.”