घासून पुसून लख्ख

नाणेतज्ज्ञाच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी साठीतले बहीण-भाऊ बसले होते. त्यांच्या वडिलांचं चांदीचं नाणं आत शुद्ध पाण्यात बुडवून ठेवलं होतं.

“ताई, खरं सांग. अण्णांच्या नाण्याला काय काय लावलंस?”

“लिंबू नि मीठ. मग जरा दातांची पावडर.”

“आणि घासलंस कशानं?”

“तारेच्या घासणीनं. कढईची नाही हं, नवी आणली.”

“उपकार झाले! शंभर वर्षांची काळसर झाक होती ती. तिच्यावरच तर गिऱ्हाईक भुललं होतं.”

“मला वाटलं, मळ आहे.”

“मळ! ऐकलंस ना आत काय म्हणाले? ते फक्त उरलंसुरलं मीठ काढतील, म्हणजे नाणं आणखी बिघडणार नाही. ओरखडे जायचे नाहीत, झाकही परत यायची नाही. नाण्यावरच्या राणीचं नाक पार सपाट केलंस!”

“फार नाक वर करून बसली होती.”

“हसू नकोस. आता कोण घेतंय ते? ठेव जा तुझ्याच कपाटात.”

“महिनाभर मी दुसरं काय म्हणत होते?”

“थांब. नाण्याला नुसतं बोट लावलं तरी अण्णा ओरडायचे.”

“हो ना! तू एकदा रुमालानं पुसलंस, तर केवढी कानाखाली बसली होती तुझ्या.”

“म्हणजे... तुला सगळं माहीत होतं?”

“हाक मारताहेत बघ, बाळ्या. जा, घेऊन ये. आणि कडेनं धर हं.”