आठही गडी सप्ताहाला

(सन २००७. अंबडमधलं, गिऱ्हाइकांचे मेसेज मोबाईलवर पाठवून देणारं एक लहानसं सॉफ्टवेअरचं ऑफिस, सकाळची वेळ. सगळं बोलणं फोनवर.)

मनीषा : नाही सर, मशीन बंद नाही पडलं. चालू आहे, तोच तर घोळ आहे.

ललित : म्हणजे काय? मी इथं चांदवडला उभा आहे, मनीषा. कांद्याचा लिलाव सुरू व्हायला आला. व्यापारी मोबाईल हातात धरून विचारतायत, ललितशेठ, भावाचा मेसेज कुठाय?

मनीषा : भावाचं राहू द्या हो. रक्तपेढीचा मेसेज अडकलाय. पेढीतल्या प्रतिभाताईंचा परत फोन आला. बाळंतीण आहे, पेठहून आणलीय, रक्तस्राव थांबत नाहीये. बी निगेटिव्ह. पेढीत होती ती एकच पिशवी संपली, आता दाता हवाय.

ललित : पण अडकेल कसा? मेसेज पाठवायला प्रोग्रामचे आठ गडी बसवलेत आपण मशिनात, एकाच वेळी आठ कामं उरकणारे.

मनीषा : आठही सप्ताहाला गेलेत.

ललित : कुणाच्या सप्ताहाला?

मनीषा : मखमलाबादच्या. आज काल्याचं कीर्तन. वाऱ्यानं मंडप पडला, म्हणून सगळं शाळेच्या मैदानात हलवलं. ते गावोगाव कळवायचं होतं.

ललित : कळवू दे की. पण एका गिऱ्हाइकाला तीनच्या वर गडी द्यायचे नाहीत, हा नियम प्रोग्राममध्ये कोणी घातला होता?

मनीषा : मीच.

ललित : आणि?

मनीषा : आणि मीच सकाळी तीनाचे आठ केले. गोरक्षमामांचा फोन आला होता. माझे सख्खे मामा, सप्ताहाचं सगळं तेच बघतात. म्हणाले, माणसं पडलेल्या मंडपाशी जाऊन माघारी फिरतील. मला वाटलं, देवाचं काम आहे, पटकन उरकेल. मग परत तीन करीन.

ललित : देवाचं काम! बरं, तुझ्या स्वतःच्या मोबाईलवरून पाठव ना रक्ताचा मेसेज.

मनीषा : कुणाला पाठवू? इतक्या दात्यांतून बी निगेटिव्ह कोण, दवाखान्याच्या जवळ कोण, हे शोधणं पण गड्याचंच काम. एक तरी रिकामा पाहिजे.

ललित : हातातलं संपलं की सुटेल एखादा.

मनीषा : एकेकाला अख्ख्या वाडीचा गठ्ठा दिलाय. गठ्ठा संपल्याशिवाय तो मान वर करत नाही. आणि मोबाईल कंपनीची लाइन आज नुसती रांगतेय.

ललित : मग तोड एकाला मध्येच.

मनीषा : त्या वाडीत कुणाला मेसेज गेला, कुणाला नाही, काही कळायचं नाही मग.

ललित : न कळू दे. तोड म्हणतो ना.

मनीषा : तोडला… अहो सर! तो परत उठला आणि त्यानं सप्ताहाचाच दुसरा गठ्ठा उचलला!

ललित : आठाचे तीन केलेस का आधी?

मनीषा : …नाही.

ललित : डोकं जागेवर ठेव, बाई. आधी मर्यादा, मग तोडातोडी. नाहीतर तो सप्ताहाकडेच पळणार.

मनीषा : केले तीन. आता दोघांना तोडते. म्हणजे मघाची धरून तीन वाड्या. सर, मामांना एक शब्द सांगते.

ललित : त्यात काय सांगायचं?

मनीषा : त्यांनी काल्याला जेवायला बोलावलेली माणसं आहेत ती, सर. तुम्ही ठेवू नका, मी दुसऱ्या फोनवरून लावते… मामा? मनीषा बोलतेय.

गोरक्ष : मोठ्यानं बोल गं, हितं भोंगा चालू हाय! महाराज उभे राह्यलेत.

मनीषा : मामा, तीन वाड्यांचे मेसेज मला मध्येच थांबवावे लागतायत.

गोरक्ष : थांबवतीस? डोकं फिरलं का तुझं? बुंदीच्या पराती भरून ठिवल्यात. लोकं मोडक्या मंडपाशी जातील, कोणी दिसंना म्हून माघारी वळतील. वर्साचा काला हाय, पोरी! देवाच्या दारातून माणूस उपाशी जायचा का?

मनीषा : दवाखान्यात बाई मरायला टेकलीय, मामा. बाळंतीण. तिच्या रक्ताचा मेसेज तुमच्या मेसेजांच्या मागं अडकलाय. माझ्यामुळं.

गोरक्ष : लेकरू?

मनीषा : लेकरू चांगलं आहे.

गोरक्ष : मंग मला इचारीत काय बसलीस, येडे? तोड, काय तोडायचं ते. तीन वाड्यांला मी मोटरसायकलीवर माणूस धाडतो. ठेव फोन! ठेव म्हंतो ना!

मनीषा : सर, तोडले. दोन्ही सुटले. आता… अगं बाई! दोघांनी कांद्याचे भाव उचलले.

ललित : हो. रांगेत भाव आधी होते.

मनीषा : मग काय करू?

ललित : कांद्याची मर्यादा शून्य कर.

मनीषा : सर, आजच तर व्यापाऱ्यांना आपलं काम दाखवायचं होतं. तुम्ही तीनदा जाऊन आलात त्यांच्यासाठी.

ललित : ते माझ्यासमोर उभे आहेत, तुझ्या नाही. त्यांचं मी बघतो. कर शून्य आणि तोड दोघांना.

मनीषा : केलं. तोडले… उचलला! रक्ताचा उचलला, सर. शोधतोय.

ललित : किती निघाले?

मनीषा : जवळचे चार.

ललित : चारच?

मनीषा : गटच तसला दुर्मीळ. गेले, चौघांनाही गेले.

ललित : प्रतिभाताईंना नावं सांग. त्यांनी फोन पण करावेत. मी थांबतो.

मनीषा : सांगितली, सर. एकाचा मोबाईल बंद. एक पुण्याला गेलाय. तिसरा बिचारा तापातून उठलाय, त्याचं घेता येत नाही.

ललित : चौथा?

मनीषा : रंगनाथ म्हणून कोणी. घंटी वाजतेय, उचलत नाही.

ललित : परत लावायला सांग.

मनीषा : लावतायत. नाही उचलत… सर, व्यापारी?

ललित : गेले. आज कागदावरच भाव लिहून घेतो म्हणाले. त्याचं नंतर बघू. तू त्या चौथ्याला सोडू नकोस.

मनीषा : थांबा, दुसरा फोन वाजतोय. मामा आहेत… हां मामा.

गोरक्ष : काय चालवलंय गं तुम्ही? तीन वाड्या सोडल्या, मी काय बोललो का? आता माझा मृदंगवाला पळवला!

मनीषा : कोण मृदंगवाला?

गोरक्ष : कोण म्हंजे? रंगनाथ! महाराजांनी चाल धरली, टाळकरी पाऊल टाकाया लागले, कीर्तनाला असा रंग चढला, अन् ह्याच्या खिशात फोन गुरगुरला. त्यानं वाचला, गळ्यातला मृदंग काढून खाली ठिवला, महाराजांच्या पायाला हात लावला अन् गाडीला किक मारून गेला. सगळी सभा तोंडाकडं बघत राह्यली. ‘रक्त द्यायचंय’ येवढंच म्हणला.

मनीषा : मामा… कधी निघाला?

गोरक्ष : मघाच! पोचला बी असंल. रडतीस का काय तू?

मनीषा : नाही. धरा जरा, तसेच धरा… सर! गाडीवर होता तो, म्हणून उचलत नव्हता! आणि हा बघा, प्रतिभाताईंचा मेसेज. पोचलाय. रक्त घ्यायला आडवा केलाय त्याला.

ललित : …बरं झालं. मनीषा, आता लिहून टाक प्रोग्राममध्ये. एक गडी रक्तासाठी राखायचा, बाकी कुणालाच द्यायचा नाही. दिवसभर बिनकामाचा बसला तरी बसू दे.

मनीषा : भावाचे मेसेज?

ललित : सोड आता. उद्या येतील ते परत. आणि मामांना माझा नमस्कार सांग.

मनीषा : मामा, आहात ना? तुमचा रंगनाथ पोचला.

गोरक्ष : पांडुरंग, पांडुरंग!

मनीषा : मग आता दुसरा मृदंगवाला बोलावला का?

गोरक्ष : कुठून बोलावू? शेजारच्या गावांत बी कालाच हाय आज. तिथले वाजवणारे तिकडंच गुतलेत, हितं नीट वाजवणारा त्यो एकटा.

मनीषा : म्हणजे कीर्तन थांबलं?

गोरक्ष : थांबतंय कशाला. ऐक, फोन भोंग्याकडं धरतो… ऐकलं? टाळावर चाललंय, लोकं हातानं टाळी देत्यात. ठेका जरा मागंपुढं व्हतोय. एक पोरगं मृदंग घ्याया उठलं व्हतं, पण महाराजांनी हातानंच खाली बसवलं त्याला. म्हणले, त्याची जागा रिकामी ऱ्हाऊ दे.